शेतकऱ्याच्या नांवानें

दान देतांना देश, काल आणि पात्र ह्या तिहींचा विचार करावा, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. ह्यांपैकीं देश आणि काल पाहणें तितकेंसें कठीण नाहीं. दुष्काळ कोठें पडला व केव्हां पडला, हें सर्वांस दिसतें. कठीण आहे तें पात्र ओळखणें. देणारा एकटा गृहस्थ असेल, तर तो याचकाचें तोंड तरी पाहतो. परंतु देणारें सरकार असलें म्हणजे तें तोंड पाहत नाहीं, कागद पाहतें. कागदावर ज्याचें नांव असेल तोच पात्र ठरतो. शेतकऱ्यास सरकारनें पैसा द्यावा कीं न द्यावा, हा वाद आमच्या वाचकांच्या कानांवरून अनेकदां गेला असेल. आज आम्ही त्या वादांत न शिरतां त्याच्या अलीकडचा एक साधा प्रश्न पुढें मांडणार आहों. शेतकऱ्याच्या नांवानें निघालेला पैसा जाऊन कोणाच्या हातीं पडतो?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास अमेरिकेइतका सोयीचा देश दुसरा नाहीं; कारण तेथें १९३३ पासून शेतीस सरकारी अनुदान देण्याची पद्धति ह्या ना त्या रूपानें आजवर चालत आली आहे. नव्वदांहून अधिक वर्षांचा अनुभव म्हणजे तीन पिढ्यांचा अनुभव होय. परंतु एवढ्या मोठ्या देशाचे आंकडे वाचून मन गोंधळतें. शितावरून भाताची परीक्षा करावी, म्हणून आम्हीं तेथील एकच कौंटी निवडली आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्यासारखा मुलूख समजावा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपी नांवाचें जें दक्षिणेकडील राज्य आहे, त्याच्या वायव्य भागांत मिसिसिपी व याझू ह्या नद्यांच्या मधला प्रदेश अगदीं सपाट व गाळाचा आहे. त्यास तिकडे ‘डेल्टा’ म्हणतात. ह्या प्रदेशांतच सनफ्लॉवर कौंटी आहे. विस्तार सुमारें सातशें चौरस मैल. मुख्य ठाणें इंडियनोला. जमीन अशी कसदार कीं, कापसावांचून दुसऱ्या पिकाचा विचार कोणी फारसा करीत नसे. १८६१ ते १८६५ ह्या अवधींत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां मुंबईच्या बाजारांत कसा सोन्याचा धूर निघाला, हें आमच्या वाचकांनीं इतिहासांत वाचलेंच असेल. त्या युद्धानें कृष्णवर्णीयांची गुलामगिरी कायद्यानें संपली. जमीन मात्र बहुतांशीं गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. पूर्वीचे गुलाम व त्यांचीं मुलेंबाळें त्याच जमिनी अर्धेलीनें करूं लागलीं. जमीन, खेंचर, बीं व अवजारें मालकाचीं, अंगमेहनत कुळाची, पीक निम्मे निम्मे. वर्षभराचें धान्य-कापड मालकाच्याच दुकानांतून उधारीनें आणावयाचें आणि वर्षअखेर हिशेब मालकाच्याच वहींत पाहावयाचा. त्या वहींत कुळाच्या नांवें शिल्लक क्वचितच निघे.

१९२९ सालीं जगांत मंदी आली. त्या वर्षीं रत्तलास सुमारें सतरा सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत सहा-साडेसहा सेंटांवर आला. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं अधिकार हातीं घेतांच १९३३ च्या मे महिन्यांत शेतीविषयक मोठा कायदा केला. त्याचें तत्त्व असें कीं, माल फार झाला म्हणून भाव पडला; तर पेरा कमी करावा आणि जो शेतकरी जमीन पडीत ठेवील त्यास सरकारनें मोबदला द्यावा. मोबदल्याचा पैसा गिरणीवाल्यांवर बसविलेल्या करांतून यावयाचा होता. परंतु कायदा होईपर्यंत कापूस उगवून वर आला होता. म्हणून त्या उन्हाळ्यांत सुमारें एक कोट एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यांत आला! खेंचरांस पिकाच्या ओळीवर पाय न देण्याची संवय लाविलेली असे. तीं कांहीं केल्या रोपांवर चालेनात, आणि त्यांस हांकतां हांकतां माणसें टेकीस आलीं, असें त्या काळचे लोक सांगत. मुकें जनावर जें करण्यास कचरलें तें माणसांनीं केलें खरें. पण त्यांतला हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. भाव पुढें कांहींसा चढला, आणि मंदीनें हवालदिल झालेल्या पुष्कळ घरांस आधार मिळाला, हें सत्य आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तो मोबदला कोणास मिळाला? १९३४ व १९३५ ह्या सालांच्या कापसाच्या करारांत पडीत ठेवलेल्या जमिनीवर जेवढा कापूस निघाला असता, त्यावर दर रत्तलास साडेचार सेंट द्यावयाचे ठरलें होतें. त्यांपैकीं साडेतीन सेंट जमिनीचें भाडें म्हणून मालकाचे. उरलेला एक सेंट मालकानें व अर्धेलीच्या कुळानें निम्मा निम्मा घ्यावयाचा. म्हणजे मालकास चार सेंट आणि कुळास अर्धा! त्यांतून तो अर्धा सेंटहि पुष्कळदां मालकाच्या हातून यावयाचा, आणि मालकाच्या वहींत कुळाचें जुनें कर्ज असेच. गांवोगांवच्या कामावर देखरेख करणाऱ्या समित्यांत त्याच भागांतले वजनदार मळेवाले होते; कृष्णवर्णीय कुळास तेथें दाद कोठून मिळणार?

ह्याहून वाईट गोष्ट पुढें झाली. जमीन पडीत ठेवावयाची म्हटल्यावर तीवर राबणारीं माणसें मालकास जड वाटूं लागलीं. करारांत एक कलम होतें: मालकानें आपल्या कुळांची संख्या शक्य तोंवर कमी करूं नये. ‘शक्य तोंवर’ ह्या दोन शब्दांनीं त्या कलमांतील सारा जीव काढून घेतला. शेजारच्या आर्कान्सा राज्यांत टायरोन्झा ह्या गांवीं १९३४ च्या जुलै महिन्यांत गोऱ्या व काळ्या कुळांनीं एकत्र बसून आपला संघ स्थापिला. त्याचें कारण हीं हकालपट्टींचीं प्रकरणेंच होतीं. वॉशिंग्टन येथील शेतीखात्याच्या कायदेशाखेंतील जेरोम फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या कलमाचा अर्थ असा लाविला कीं, केवळ संख्या नव्हे, तर तींच कुळें जमिनीवर ठेविलीं पाहिजेत. ह्याचें फळ त्यांस लवकरच मिळालें. १९३५ च्या फेब्रुवारींत फ्रँक व त्यांचे कांहीं सहकारी नोकरींतून दूर करण्यांत आले. खात्याचे मंत्री हेन्री वॉलेस हे गरिबांविषयीं कळवळा असलेले गृहस्थ होते. परंतु दक्षिणेकडील सभासदांच्या मतांवांचून कायदा चालणार नाहीं, हें जाणून त्यांनीं ती गोष्ट होऊं दिली.

१९३६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें गिरण्यांवरील तो कर बेकायदा ठरविला. पण अनुदान थांबलें नाहीं. जमिनीचा कस राखण्याच्या नांवानें तें त्याच वर्षीं पुनः सुरू झालें, आणि १९३८ च्या कायद्यानें तें कायमचें झालें. मळेवाल्यांच्या हातीं रोख पैसा आला, त्यांतून ट्रॅक्टर आले. १९४४ सालीं शेजारच्या कोहोमा कौंटींतील एका मळ्यांत कापूस वेंचणाऱ्या यंत्रांचा प्रयोग सिद्धीस गेला. एक गांसडी हातानें वेंचण्यास सुमारें एकोणचाळीस डॉलर खर्च येई, ती यंत्रानें सुमारें सव्वापांच डॉलरांत होऊं लागली. मग कुळांचें काम काय उरलें? माणसें आगगाडींत बसून शिकागोची वाट धरूं लागलीं. १९३० सालीं सनफ्लॉवर कौंटीची वस्ती सहासष्ट हजार होती. २०२० च्या खानेसुमारींत ती सुमारें सव्वीस हजार भरली. यंत्र आज ना उद्यां आलेंच असतें, हें आम्ही जाणतों. परंतु यंत्र घेण्यास सरकारनें हातभार लाविला आणि यंत्रानें उठविलेल्या माणसास मात्र कांहींच दिलें नाहीं, एवढाच भेद आम्हांस दाखवावयाचा आहे.

ह्या कौंटीची खरी कहाणी दोन माणसांच्या चरित्रांत दिसते. पहिले जेम्स ईस्टलंड. डॉड्सव्हिल ह्या गांवाजवळ त्यांचा पांच हजार एकरांहून मोठा मळा होता. १९४३ पासून १९७८ पर्यंत ते अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद होते; न्यायसमितीचे अध्यक्ष होते आणि शेतीविषयक समितीवरहि बसत. दुसरी व्यक्ति फॅनी लू हेमर. वीस भावंडांत ही धाकटी. सहाव्या वर्षापासून कापूस वेंचूं लागली. रूलव्हिल ह्या गांवाजवळच्या एका मळ्यांत ती व तिचा नवरा कूळ म्हणून राहत. लिहितां-वाचतां येत असल्यामुळें हजेरी मांडण्याचें कामहि तिच्याकडे असे. १९६२ च्या ऑगस्टच्या अखेरच्या दिवशीं आणखी सतरा जणांसह ती इंडियनोला येथें मतदार म्हणून नांव नोंदविण्यास गेली. घरीं परतल्यावर मालकानें सांगितलें कीं, अर्ज मागें घे, नाहीं तर चालती हो. अठरा वर्षें जेथें घाम गाळला तें घर तिला त्याच रात्रीं सोडावें लागलें.

त्या काळीं कापसाच्या अनुदानापोटीं ईस्टलंड ह्यांच्या मळ्यास सालिना एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम सरकारांतून मिळत असे. त्याच राज्यांत निराधार मुलाच्या पोषणास सरकार महिना दहा डॉलरांहूनहि कमी देई. १९६७ सालीं तर स्थिति फारच बिघडली. मजुरीचा किमान दर कायद्यानें ठरल्यामुळें मळेवाल्यांनीं उरलेले मजूरहि कमी केले. पूर्वी कौंटींतून धान्य फुकट मिळे, त्याऐवजीं धान्याचीं तिकिटें विकत घेण्याची पद्धति आली. माणशीं महिना दोन डॉलर तरी भरावयाचे. आणि ज्याच्याजवळ दमडी नाहीं त्यानें ते आणावयाचे कोठून? त्या एप्रिलांत सिनेटर रॉबर्ट केनेडी शेजारच्या बोलिव्हार कौंटींत आले, तेव्हां त्यांस पोट फुगलेलीं उपाशी मुलें पाहावयास मिळालीं. जगांतल्या अत्यंत संपन्न देशांत, अत्यंत कसदार जमिनीच्या कांठीं, आणि शेतकऱ्याच्या कल्याणाचा कायदा होऊन चौतीस वर्षें झाल्यावर!

ह्यावर ओरड झालीच. कॉन्टी व फिंडली ह्या दोन सभासदांनीं कायदेमंडळांत वारंवार मागणी केली कीं, एका व्यक्तीस मिळणाऱ्या अनुदानास मर्यादा असावी. अखेर १९७० च्या कायद्यानें एका पिकापोटीं एका व्यक्तीस पंचावन्न हजार डॉलर ही मर्यादा ठरली. परंतु कायदा जितका बारीक तितक्या त्याच्या फटी अधिक. ‘व्यक्ति’ म्हणजे कोण? एका मळ्याचे कागदावर चार मळे झाले. बायको, मुलें, भाऊ, भागीदारी, कंपनी अशा अनेक ‘व्यक्ति’ उभ्या राहिल्या. सरकारची बचत अपेक्षेहून फारच थोडी झाली. ह्या फांद्या-उपफांद्यांच्या रचनेस पुढें ‘मिसिसिपीचें नाताळचें झाड’ असें नांवच पडलें. प्रत्येक फांदीस एक एक देणगी लटकलेली! १९८७ सालीं तें झाड छाटण्यासाठीं वेगळा कायदा करावा लागला; तरी भागीदारींतील प्रत्येक सभासदास निराळी मर्यादा लावण्याची वाट उघडीच राहिली.

इकडे फॅनी लू हेमर हिनें काय केलें? १९६९ सालीं देणग्या जमवून तिनें त्याच कौंटींत चाळीस एकर जमीन घेतली आणि ‘फ्रीडम फार्म’ नांवाची सहकारी शेती काढली. पुढें ती सहाशें एकरांवर गेली. भाजीपाला पिकवावा आणि उठवून लाविलेल्या कुटुंबांनीं तो वांटून घ्यावा. तिची डुकरांची पेढी तर प्रसिद्धच आहे. गरीब कुटुंबास एक गाभण मादी द्यावयाची आणि तिच्या पिलांतून दोन पेढीस परत घ्यावयाचीं, म्हणजे तीं दुसऱ्या कुटुंबास देतां येत. डुकरांचें नांव आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. परंतु भुकेल्यास जें अन्न तेंच त्याचें अन्न, आणि दान असें फिरतें ठेवण्यांतली बुद्धि वाखाणण्यासारखी आहे. दुर्दैव असें कीं, कर्जाचे हप्ते, प्रतिकूल हवा आणि तिचें स्वतःचें आजारपण ह्यांपुढें ती शेती टिकली नाहीं. १९७५ च्या सुमारास जमीन गेली आणि १९७७ सालीं हेमरबाईहि वारल्या. कौंटींत भूक प्रत्यक्ष निवारणारी ही शेती देणग्यांवर जगली आणि कर्जानें मेली. लाखांचें अनुदान मात्र ज्यांच्या घरीं भूक कधीं आली नव्हती त्यांच्याकडे वाहत राहिलें.

आज काय स्थिति आहे? कौंटींत आतां कापसाबरोबर सोयाबीन, मका, भात आणि तळ्यांतील मासे हें उत्पन्न आहे. सरळ ठरीव रक्कम देण्याची पद्धति २०१४ च्या कायद्यानें बंद झाली. तिच्या जागीं भाव किंवा उत्पन्न ठराविक पातळीखालीं गेल्यास भरपाई, आणि पीकविम्याच्या हप्त्यांत सरकारचा मोठा वांटा, अशी योजना आली. भरपाई मोजतात ती मात्र जमिनीच्या जुन्या नोंदींतील एकरांवर. यंदा त्यांत काय पेरलें ह्याच्याशीं तिचा संबंध थोडा. व्यक्तीमागें मर्यादा सवा लाख डॉलरांची होती. ती २०२५ च्या कायद्यानें एक लाख पंचावन्न हजार झाली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांस कर्जें व अनुदानें देण्यांत सरकारी कचेऱ्यांनीं भेदभाव केला, हा त्यांचा दावा १९९९ सालीं तडजोडीनें मिटला आणि एक अब्जाहून अधिक डॉलर त्यांस द्यावे लागले. २०१० सालीं दुसरी तडजोड झाली. पण तोंपर्यंत पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या. आणि अर्धेलीच्या कुळांस जमिनीच नसल्यामुळें ह्या दाव्यांत त्यांचें नांव येण्याचें कारणच नव्हतें.

अनुदानाच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. शेती हा पावसाशीं व बाजाराशीं एकाच वेळीं खेळावयाचा जुगार आहे. दोन वर्षें भाव पडला तर कष्टाळू व शहाणा शेतकरीहि बुडतो, आणि तो बुडाला म्हणजे शहरांतल्या ताटांतलें अन्न महाग होतें. म्हणून राष्ट्रानें त्यास आधार द्यावा, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एकरावर मोजलेलें दान ज्याचे एकर अधिक त्याच्याकडे अधिक जाणार आणि ज्याचा एकहि एकर नाहीं त्याच्याकडे कधींच जाणार नाहीं. ह्यांत कोणाचें कपट असलेंच पाहिजे असें नाहीं. मापच तसें आहे.

ही हकीकत दूरदेशची खरी, पण तिचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. अमेरिकेच्या अनुदानामुळें जगांत कापसाचा भाव पडतो, ही तक्रार ब्राझील देशानें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेपुढें नेली व जिंकली. २०१४ सालीं तीस कोट डॉलर देऊन अमेरिकेनें ती मिटविली. वऱ्हाडांतला शेतकरी त्याच बाजारांत आपला कापूस विकतो. त्यास ह्या तडजोडींतून कांहीं मिळालें नाहीं. दुसरा धागा कागदाचा. २०१९ पासून आपल्या केंद्रसरकारनें शेतकरी कुटुंबास वर्षाला सहा हजार रुपये देण्यास आरंभ केला, आणि २०२३ सालीं आपल्या राज्यानें तितकीच भर घालण्याचें ठरविलें. रक्कम लहान आहे, आणि मोठ्या जमीनदारास येथें एकराप्रमाणें अधिक मिळत नाहीं, हा गुणच म्हणावयाचा. परंतु ज्याच्या नांवें सातबारा नाहीं, त्यास तेथेंहि जागा नाहीं. वाट्यानें किंवा खंडानें जमीन करणारा, भूमिहीन मजूर, हे त्या यादीबाहेर राहिले.

येथें आम्हांस स्वतःविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. आमच्या गांवीं आमच्या नांवावर वडिलोपार्जित दोन एकर आहेत. आम्ही जन्मभर खडू धरिला, नांगर धरिला नाहीं. ती जमीन गांवांतील एक गृहस्थ वाट्यानें करितात. कागद कांहीं नाहीं, कारण कूळकायद्याच्या भयानें आमच्या वडिलांच्या वेळेपासून कोणी कागद करीत नाहीं, हें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांतलें गुपित आहे. एका वर्षीं कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि पीक आडवें झालें. नुकसानभरपाई मंजूर होऊन ती आमच्या बँकेच्या खात्यांत पडली. बीं त्यांचें, खत त्यांचें, रात्रीं जागून राखण त्यांची, पैसा आमचा! आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, सातबारा तुमचा आहे, तुमच्याच नांवानें आलंय, राहूं द्या.” आणि आम्हीं तें राहूं दिलें. चार महिने ती रक्कम आमच्या खात्यांत होती. पुढें ह्या लेखासाठीं वाचन करीत असतां कुळाच्या अर्ध्या सेंटाचा हिशेब वाचनांत आला, तेव्हां आम्हांस आपली लाज वाटली, आणि आम्हीं ती त्यांस पोंचती केली. ह्यांत औदार्य कांहीं नाहीं. ती त्यांचीच होती.

ह्यावर उपाय नाहींत असें नव्हे. आंध्र प्रदेशानें २०१९ सालीं कायदा करून कसणाऱ्यास अकरा महिन्यांचें पत्रक देण्याची सोय केली. त्यानें मालकाच्या हक्कास धक्का लागत नाहीं आणि कसणाऱ्याचें नांव कागदावर येतें. ओडिशानें २०१८ च्या अखेरीस जी योजना काढली, तींत वाटेकऱ्यांस व भूमिहीनांसहि धरलें होतें. असे कायदे आपल्याकडे होतील तेव्हां होवोत. तोंपर्यंत ज्यांच्या नांवें गांवीं चार-दोन एकर आहेत आणि जे पुण्या-मुंबईस किंवा सातासमुद्रांपलीकडे राहतात, अशा आमच्या वाचकांनीं आपलें बँकेचें पुस्तक एकदां उघडून पाहावें, आणि त्यांत शेताच्या नांवानें कांहीं आलें असेल, तर त्या शेतांत यंदा पेरणी कोणीं केली, हें गांवीं विचारून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.